अकरावीची पोरं आणि माझी स्कीम

१४ जानेवारी १९६४, मंगळवार. संक्रांत.

आज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, जमदाडे हेडमास्तरांच्या ओसरीवर, एका हातात तिळगूळ आणि दुसऱ्या हातात चप्पल अशा अवस्थेत माझं आयुष्य बदललं. चप्पल हातात होती, कारण तिचा अंगठा तुटला होता. घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत. ह्या देशात एकही माणूस आपलं काम धड करत नाही.

सरांची मुलगी सुला. शाळेत अकरावीला शिकवते, पोरं तिला सुलाबाई म्हणतात. मी मनात नुसतं सुला म्हणतो. तिळगूळ देताना ती सगळ्यांनाच उद्देशून म्हणाली, की मार्चात अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा होईल, निम्मी पोरं नापास होतील आणि मग वर्षभर आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून एष्ट्या मोजत बसतील. ह्या सांगलीत एवढी दुकानं, एवढे छापखाने, हळदीची एवढी पेठ, पण शाळेतल्या पोराला 'ये, आत येऊन काम बघ' असं कुणी म्हणत नाही. शाळा आणि पेठ ह्यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला पाहिजे.

'कुणीतरी' म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्यामागं फक्त भिंत होती. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बंद आहे. म्हणजे माझ्याकडंच बघितलं.

घरी येईतोवर स्कीम डोक्यात तयार. ही गाठ मीच घालणार. उद्यापासून पहाटे पाचला उठणार. थंड पाण्यानं अंघोळ. इंग्रजी पेपर वाचणार. चिडणार नाही. सुलाकडं दिवसातून तीनदाच बघणार.

१५ जानेवारी

उठलो साडेनऊला. हा माझा दोष नाही. खाली चंद्राआत्तीची खानावळ. (आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची, सख्खी बहीण. मार्केट यार्डाला लागून घर आहे, माडीवर मी राहतो.) हमाल, ड्रायव्हर, मुनीम रात्री उशिरापर्यंत जेवतात, आणि जेवताना भांडतात. झोप लागणार कशी?

आत्तीला स्कीम समजावून सांगितली. देशाला कामसू हातांची गरज आहे, शिक्षण आणि उद्योग ह्यांच्यामधली दरी, वगैरे. ती म्हणाली, हातांची गरज हाय न्हवं, मग ती परात तेवढी उचल आनि चुलीम्होरं ठेव.

नवा निश्चय : आत्तीशी तात्त्विक चर्चा बंद.

१८ जानेवारी, शनिवार

हेडमास्तरांना भेटलो. आत शिरल्याबरोबर टेबलावर मूठ आपटून सुरुवात केली. वक्तृत्वाचा नियमच आहे तो. दौत सांडली. सर म्हणाले, अरे हळू, शेजारी चाचणी चाललीय. मग हजेरीपटावरची शाई टिपत त्यांनी विचारलं, की तू स्वतः सध्या काय करतोस. मी म्हणालो, विचार करतोय. ते म्हणाले, कॉलेज सोडल्याला दीड वर्ष झालं ना? मी म्हणालो, असले प्रश्न विचारूनच जुन्या पिढीनं तरुणांचा घात केला.

(कॉलेज मी सोडलं. कॉलेजनं मला सोडलं ही अफवा लॉजिकच्या प्राध्यापकांनी उठवलेली आहे. त्यांचं आणि माझं एका तत्त्वावरून वाजलं. ते म्हणत, हजेरी लागते. मी म्हणत होतो, लागत नाही.)

शेवटी सर तयार झाले. अट एकच, की परीक्षेआधी एकही पोरगं वर्गातून हलवायचं नाही. तोवर मी दुकानदार गाठून ठेवायचे. नकाशांची खोली मला ऑफिस म्हणून दिली. सुला तिथं होती. ती म्हणाली, आधी चार जागा तरी ठरू द्या, गाजावाजा नंतर. मी म्हणालो, अगदी माझ्या मनातलं बोललात.

१९ जानेवारी

बोर्ड रंगवायला टाकला. 'शाळा-उद्योग संपर्क केंद्र. संचालक : नानासो'. पेंटर म्हणाला, आडनाव? मी म्हणालो, पुढंमागं लोक नुसत्या नावानंच ओळखणार आहेत.

२२ जानेवारी, बुधवार

विजय! विजय! शांतपणे लिहितो.

यार्डात बिराप्पा अडत्याकडं गेलो. अथणीकडचा माणूस, तीस वर्षं इथं हळदीत आहे. पेठेत त्याच्या शब्दाला किंमत. मी भाषणाला सुरुवात केली तर तो म्हणाला, उभं ऱ्हाऊन घसा कशाला कोरडा करता वो, बसा की. चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, माझा थोरला बी अकरावीत तीनदा बसला की. पोरं पाठवा. परीक्षा झाल्यावर तिघं घेतो. हळद बघायला शिकवतो, वजन शिकवतो, गिऱ्हाइकासंगं बोलायला शिकवतो.

मी विचारलं, पोरांना रोज काय देणार? तर त्यानं तोंडानं उत्तरच दिलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, माझा हात धरला आणि दोन्ही हातांवर रुमाल टाकला. यार्डात आता उघडा लिलाव असतो, पण ही जुनी माणसं आपसातला सौदा अजून असाच करतात. आकडा बोटं दाबून सांगायचा. कुठलं बोट, किती पेरं, ह्याची खूण असते. मला ती लगेच समजली. त्यानं चारदा दाबून दाखवली ते केवळ माझ्याबद्दलच्या आदरापोटी.

आकडा चांगला आहे. अपेक्षेपेक्षा लय चांगला. रुमाल काढल्यावर बिराप्पा म्हणाला, शाळंची पोरं हाईत म्हणून दिलं. पर रुमालाखालचं रुमालाखाली. भाईर बोलू नगा. मी म्हणालो, शेठ, समजा तुम्ही विहिरीत दगड टाकलात.

आकडा इथंसुद्धा लिहीत नाही. शब्द म्हणजे शब्द.

२४ जानेवारी

आकडा आत्तीला सांगितला. ती घरचीच आहे. ती म्हणाली, एवढं? पोरांस्नी? आणि मग बराच वेळ भाकरी थापायची थांबली.

२६ जानेवारी, रविवार. प्रजासत्ताक दिन.

आजचा दिवस सांगलीच्या इतिहासात.

शाळेत झेंडावंदन. सरांनी मला दोन मिनिटं बोलायला दिली. समोर पोरं, पालक, यार्डातली बरीच मंडळी, आणि डाव्या बाजूला, निळ्या साडीत, सुला. माईकमध्ये तोंड घातलं आणि शब्द आपोआप यायला लागले. पारतंत्र्य, श्रमाची प्रतिष्ठा, तरुण मनगट. मागून कुणीतरी ओरडलं, बाबा, पोरांना मिळणार काय ते बोल! तो प्रश्न प्रामाणिक होता. जनतेपासून सत्य लपवणं मला जमत नाही. मी सांगितलं. दुकानाचं नाव, बिराप्पाचं नाव आणि आकडा. कर्णा पिंपळावर बांधलेला होता, यार्डापर्यंत ऐकू गेलं असणार.

टाळ्या! सुलानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. भावना अनावर झाल्यावर स्त्रिया असं करतात.

२८ जानेवारी, मंगळवार

माणसं नीच आहेत. एकूण एक.

बिराप्पाच्या वखारीत हळद निवडणाऱ्या तीसेक बाया आहेत. फुटकी, सडकी बाजूला काढायची, कांड्या वेगळ्या, गड्डे वेगळे. त्यांची पुढारी रंगूबाई. काल सकाळी ह्या बाया आल्या, सुपं पालथी घातली आणि त्यावर बसल्या. रंगूबाई म्हणाली, शाळंतल्या मिसरूड न फुटल्या पोराला तेवढं, आनि आमी बारा बारा वर्सं हळदीत पिवळ्या झालो, आमाला त्येच्या निम्मं? त्येवढं द्या, न्हाईतर पोरांकडनंच निवडून घ्या. शेजारच्या दोन वखारीतल्या बायापण उठल्या. सगळे अडते बिराप्पावर धावून गेले, की तू भाव चढवलास.

मी धावत गेलो. मध्यस्थी करायला. बाया मला बघून हसल्या. बिराप्पा हसला नाही. तो ओरडलाही नाही, ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो एवढंच म्हणाला, रुमालाखालचं तुमी कर्ण्यावर आनलंसा. माझ्या बापाच्या वेळंपासनं असं झालं न्हवतं. आणि मी हात पुढं केला तर त्यानं स्वतःचे दोन्ही हात मागं घेतले.

सबंध पेठेनं बघितलं.

मी विचारतो, माझा काय दोष? बायांना कमी देत होता तो चोर की ते उघडं पाडणारा मी चोर? हा प्रश्न मी त्याला विचारणार होतो. घरी आल्यावर सुचला.

२९ जानेवारी

दुपारी जेवायला बसलो. समोरच्या पंगतीत चार हमाल. त्यांनी मांडीवर पंचा पसरला, त्याखालनं आत्तीला बोटं दाखवून भाकरी मागितल्या आणि एकमेकांना म्हणाले, हळू रं, नानासो बसलाय, आत्ता कर्ण्यावर सांगंल कुनाला किती भाकरी ते. आत्तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझ्या बापाची सख्खी बहीण!

जेवण अर्धवट सोडून उठलो. तिसरी भाकरी मात्र खाल्ली होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

सुला ऑफिसात आली. एकटी.

म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं होतं आकडा सांगायला? मी म्हणालो, सत्य. ती म्हणाली, त्या तीन जागा गेल्या. मी म्हणालो, तीन काय, मी तीस आणतो. ती म्हणाली, तीस नकोत, तिघांची तरी भरपाई करा. वर्गात बेचाळीस पोरं आहेत, त्यातल्या वीसजणांच्या घरी परीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी विचारणार आहेत, की आता काय. ते वीसजण मला दिसतात, तुम्हाला दिसतात का? मी म्हणालो, मला तर तेच दिसतात. (खोटं नव्हतं. त्या क्षणी मला फक्त तिच्या कपाळावरची एक बट दिसत होती, पण तत्त्वतः.)

जाताना तिनं बोर्डाकडं बघितलं. बोर्ड दाराच्या चौकटीपेक्षा रुंद झालाय, म्हणून तो आतच भिंतीला टेकवून ठेवलाय. आवडला असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ह्या आठवड्यातल्या गाढवांची नोंद.

गणपती पेठेतला छापखानावाला म्हणाला, पोरं पाठवा, पण आधी तुम्ही सकाळी आठला दोन दिवस या, अक्षरांचे खिळे कसे जुळवतात ते बघा, म्हणजे कसलं पोरगं लागतं ते तुमच्या ध्यानात येईल. सकाळी आठला! मी संचालक आहे की वर्तमानपत्र टाकणारा?

सायकलवाल्यानं तर मला पंक्चरची ट्यूब धरायला लावली. बोलता बोलता हातात दिली. पाच मिनिटं धरून उभा होतो आणि बोलत होतो. मग ध्यानात आलं, की तो ऐकत नाहीय, तो छिद्र शोधतोय.

गुळाच्या अडत्यानं मला लांबूनच ओळखलं आणि रुमाल खिशात घातला.

ह्या गावाला माझी किंमत नाही. निश्चय : फक्त मोठ्या माणसांना भेटायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सातारा स्टँड.

सुलानंच सुचवलं. साताऱ्यात नाथाजी म्हणून एकाचं वर्कशॉप आहे. उसाच्या चरकाचे भाग, मोटेची चाकं, पंपाचे सुटे भाग करतो. तिथल्या एका शाळेची पोरं आठवड्यातून दोन दिवस त्याच्याकडं शिकायला जातात. ती म्हणाली, तो कसं करतो ते नुसतं बघून या. सकाळी आठला पोरं येतात, आठला पोचा. म्हणाली, एवढं माझ्यासाठी करा.

माझ्यासाठी! शब्द तिचे आहेत.

काल संध्याकाळचीच गाडी धरून मुक्कामाला यायचं ठरलं होतं. पण टेरिलिनचा शर्ट इस्त्रीला होता आणि इस्त्रीवाला (पुन्हा तेच, एक माणूस काम धड करत नाही) तो आज सकाळी देणार होता. मळक्या शर्टात सुलाचा प्रतिनिधी म्हणून जाणं म्हणजे सुलाचा अपमान. सकाळची एष्टी धरली. कराडला चहा. दुसरा चहा. वर्कशॉपवर पोचलो तेव्हा साडेअकरा.

नाथाजी लेथवर वाकलेला. अंगानं रेडा, आवाजानं भोंगा. मी ओळख करून दिली. त्यानं वर न बघता माझ्या हातात एक लोखंडी सळई दिली आणि म्हणाला, ही धर, हलू देऊ नगंस. मी म्हणालो, मी सांगलीहून संचालक. तो म्हणाला, आसशील रं गड्या, पर सळई धर. सळईला तेल होतं. टेरिलिनवर उमटलं. मी सळई सोडली. ती खाली पडली, काहीतरी मोडलं. मग त्यानं जे शब्द वापरले, ते ह्या वहीत लिहिण्यासारखे नाहीत. त्यातला एक तर मला नवीनच होता.

मी त्याला श्रमप्रतिष्ठेवर चार शब्द सुनावले आणि निघालो. पाठीमागनं तो विचारत होता, आवो पर काम काय होतं तुमचं?

१९ फेब्रुवारी

सुलाला रिपोर्ट दिला. निष्कर्ष : सातारा पद्धत आपल्याकडं निरुपयोगी.

ती म्हणाली, किती पोरं होती तिथं? मी म्हणालो, असतील. ती म्हणाली, काय करत होती? मी म्हणालो, वातावरणच असं होतं की. ती म्हणाली, नानासो, पोरं होती का तिथं? मी म्हणालो, प्रश्न पोरांचा नाही, तत्त्वाचा आहे.

ती म्हणाली, ठीक आहे. आणि 'ठीक आहे' म्हणताना तिचा आवाज इतका मऊ होता, की मला वाटतं ती माझ्या बाजूची आहे, फक्त वडिलांच्या धाकानं बोलत नाही.

१ मार्च, रविवार

स्कीमवर एक पुस्तिका लिहायला घेतली. अर्पणपत्रिका झाली. तीनदा लिहिली. दुसरी सगळ्यात चांगली होती, पण तिच्यात तिचं नाव स्पष्टच येत होतं.

८ मार्च, रविवार

आण्णा गूळ घेऊन आले होते. आत्तीकडं जेवले. मला म्हणाले, तुझा धाकला भाऊ मिलिटरीत जाऊन दोन वर्सं झाली, तिकडं बरफात उभा हाय. तू कशात उभा हायस? मी म्हणालो, स्कीममध्ये. आण्णा आत्तीकडं वळून म्हणाले, स्कीम म्हंजी कंचं गाव गं? आत्ती म्हणाली, नकाशांच्या खोलीत हाय, रोज जातंय.

अशा वातावरणात प्रतिभा जगणार कशी?

२० मार्च, शुक्रवार

विचित्र बातमी. आत्तीनं सांगितली. सुला गेले पंधरा दिवस रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर बिराप्पाच्या वखारीत जाते. दुकानात नाही, मागं, पुन्हा कामाला लागलेल्या बायांत बसते. रंगूबाईसंगं हळद निवडते. बोटं पिवळी झाली म्हणतात.

कळलं. ती माझ्या स्कीमची प्राथमिक पाहणी करतेय. मला न सांगता, म्हणजे मला सरप्राइज. बिचारी. मी तिच्यावर रागावणार नाही. (थोडा रागावलो. सुपाजवळ बसायचं, हळदीत हात घालायचे, आणि ऑफिसात एकदा डोकावायला वेळ नाही?)

२८ मार्च

आत्तीकडून आणखी. बायांनी आणि बिराप्पानं काहीतरी ठरवलंय. बायांचा रोज वाढला, बिराप्पानं आणि शेजारच्या दोघांनीही वाढवला. पोरं आली तर त्यांना पहिल्यांदा बायांपेक्षा कमी. रंगूबाई शिकवणार, ती 'काम आलं' म्हणाली की मग वाढ. हे सगळं उघड ठरलं, रुमाल न टाकता. मधे बसून बोललं कोण, तर सुला.

हे सगळं माझ्या मूळ स्कीममध्ये होतंच. मी फक्त ते लिहून काढलं नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

परीक्षा संपली. निरोप आला, की येत्या शनिवारी दुपारी शाळेत बैठक आहे, दुकानदार येणार, अकरावीची पोरं येणार, संचालकांनी जरूर यावं. 'जरूर' सुलाच्या अक्षरात आहे.

अखेर. ती सगळ्यांसमोर मान्य करणार, की कल्पना माझी होती. मग मी मोठ्या मनानं म्हणणार, की आपणा दोघांची. 'दोघांची' म्हणताना थोडं थांबायचं. आरशासमोर थांबून बघितलं. चांगलं होतं.

१० एप्रिल

भाषण तयार. चिडण्याची जागा चार ठिकाणी ठेवलीय. उद्या सात वाजता उठायचं, दाढी, शर्ट. टेरिलिनवरचा डाग गेला नाही. इस्त्रीवाल्यावर फिर्याद करायला हवी.

११ एप्रिल, शनिवार. सायंकाळ.

काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

बैठक तीनला होती. मी सव्वातीनला पोचलो. अकरावीचा वर्ग. पोरांच्या बाकांवर पेठेतली मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. छापखानावाला, सायकलवाला, गुळाचा अडत्या. नाथाजी साताऱ्याहून वर्कशॉप बंद ठेवून आला होता आणि त्याच्या वजनानं बाक कुरकुरत होतं. पुढच्या बाकावर रंगूबाई, डोक्यावर पदर, आणि शेजारी बिराप्पा. पोरं भिंतीला पाठ लावून ओळीनं उभी. सुला फळ्याजवळ. मी टेबलामागची खुर्ची घेतली. ती रिकामी होती. सर दाराशी उभे राहिले.

माझं भाषण सुरुवातीला असणार असा माझा समज. सुरुवात झाली ती पोरांपासून. सुला एकेक नाव घ्यायची, पोरगं पुढं यायचं आणि कसलं काम बघावंसं वाटतं ते सांगायचं. मग बाकांवरनं कुणीतरी हात वर करायचं. छापखानावाल्यानं एका बुटक्याला घेतलं, म्हणाला, खिळ्यांच्या पेटीला उंची लागत न्हाई, डोळं लागत्यात. नाथाजीनं दोघं घेतले, म्हणाला, घरी ऱ्हायला आनि जेवायला माझ्याकडं, पर सळई सोडली तर कानफटात. पोरं हसली. हे तो माझ्याकडं बघून म्हणाला नाही. मला वाटतं त्याला आठवतही नव्हतं. रंगूबाईनं पोरांना दम भरला, नखं कापून यायचं, हळद नखात बसली की आठ दिस निघत न्हाई, आनि मला आक्का म्हनायचं, बाई न्हाई, बाई हितं उभ्या हायत.

मी वाट बघत होतो. मला वाटलं, शेवटी बोलवतील.

बिराप्पानं तिघं घेतले. मग तो म्हणाला, अजून एक जागा हाय की माझ्याकडं. गाड्या आल्यावर वजनाच्या काट्यापाशी उभं ऱ्हायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं कुठला माल कुठला. बोलता येणारा लागतो. त्यानं पोरांवरनं नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली. म्हणाला, हे की. नानासो, तुमीच या की वो. झालं गेलं तिकडं गेलं. सकाळी साडेसातला. शिकवतो मी.

कुणी हसलं नाही. हेच वाईट झालं. एक जण जरी हसला असता तरी मी पेटलो असतो. पेटल्यावर काय करायचं ते मला येतं.

छापखानावाला म्हणाला, चांगलं हाय की. रंगूबाई म्हणाली, ये बाबा, आवाज तर लय हाय तुझा, काट्यापाशी लागतोच. सर चष्मा पुसत राहिले. आणि सुला फळ्याकडून वळली. हातात खडू होता, बोटं अजून पिवळी होती. 'घ्या' म्हणाली नाही, 'नको' म्हणाली नाही. ज्या पोराला उत्तर येतं पण तो बोलत नाही, त्याच्यासाठी मास्तर थांबतात ना, तशी ती थांबली. मी जीव टाकतो ती मुलगी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मी काय म्हणतो त्याची वाट बघत होती.

मी म्हणालो, मी संचालक आहे.

मग म्हणालो, मी इंटरपर्यंत शिकलोय.

मग म्हणालो, विचार करून सांगतो.

ती अजून थोडी थांबली. मग तिनं मान हलवली, जशी चुकलेल्या उत्तराला हलवतात तशी नाही, नुसतीच, आणि फळ्याकडं वळली. बिराप्पा म्हणाला, बरं बरं, सवडीनं सांगा. एवढ्या सभ्यपणानं बोलला, की मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मी उभा राहिलो. म्हणालो, मला जरा तातडीचं काम आहे. कसलं काम, असं कुणी विचारलं नाही. सर दारातून बाजूला सरले. मी बाहेर आलो. आत सुलानं पुढचं नाव घेतलं, अर्जुना, आणि भिंतीजवळून कुणीतरी पुढं आलं.

दार धाडकन आपटलं, असं लिहिणार होतो. हळूच लावलं. आत कामाचं बोलणं चाललं होतं.